सतत नवं, सतत लांब : या सुधारणांनी गोल्फचं भलं होतंय का?

फेअरवे_अनघा

जुन्या सेटमधलं सात नंबरचं आयर्न (मधल्या अंतराचा, धातूच्या पात्यासारख्या डोक्याचा क्लब; नंबर जितका लहान तितका चेंडू लांब) आणि आजच्या 'गेम इम्प्रूव्हमेंट' सेटमधलं सात नंबरचं आयर्न शेजारी शेजारी जमिनीवर टेकवून वरून बघा. जुन्याचं तोंड आभाळाकडे जास्त कललेलं दिसेल, नव्याचं बरंच सरळ उभं. ऐंशीच्या दशकात सातचा लॉफ्ट, म्हणजे तोंडाच्या कलाचा कोन, साधारण 35-36 अंश असायचा. आज 28-30 अंशांचे सात नंबर सर्रास मिळतात, म्हणजे तेव्हाचा पाच नंबरच. शाफ्टही (दांडा) थोडा लांब झालाय. मग नवा सात नंबर जुन्यापेक्षा लांब जातो यात नवल ते काय?

यापुढचा भाग मला जास्त खटकतो. पिचिंग वेजही (जवळच्या, उंच फटक्यांचा क्लब) त्याच ओढीत 48-50 वरून 43-44 अंशांवर आला. सँड वेज मात्र 54-56 लाच राहिला, कारण बंकरमधली वाळू काही बदलली नाही. मधे दहा-बारा अंशांची पोकळी पडली, ती भरायला गॅप वेज घ्यायची. वरच्या टोकाला तीन आणि चार नंबर इतके सरळ झाले की सामान्य खेळाडूला त्यांनी चेंडू उचलताच येईना, म्हणून ते सेटमधून गेले. बॅगेत क्लब चौदाच, फक्त आकडे सरकले आणि खरेदी वाढली.

मला सुधारणेचं वावडं नाही. खेळ शिकताना हातात क्षमाशील क्लब असला तर माणूस टिकतो, हे मी जवळून पाहिलंय. माझा प्रश्न वेगळा आहे. एका खेळाडूच्या 'अजून वीस यार्डां'चा खर्च तो एकटा भरत नाही. चेंडू लांब गेला की टी, म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा, मागे न्यावी लागते. मग जमीन, पाणी, चालण्याचं अंतर आणि फेरीचा वेळ सगळंच वाढतं. अमेरिकेतल्या व्यावसायिकांच्या पीजीए टूरवर 1980 साली ड्राइव्हची (टीवरून मारलेल्या लांब फटक्याची) सरासरी 257 यार्डांच्या आसपास होती, 2023 मध्ये ती 300 ला टेकली. मास्टर्स स्पर्धा जिथे होते त्या ऑगस्टा नॅशनलने तेराव्या होलची टी मागे नेण्यासाठी शेजारच्या क्लबकडून जमीन घेतली आणि 2023 पासून तो होल 510 चा 545 यार्ड झाला. त्यांना ते परवडतं. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर 2010 च्या ओपनसाठी (ब्रिटिश ओपन) सतराव्याची टी थेट सरावाच्या मैदानात, म्हणजे मूळ कोर्सच्या हद्दीबाहेर न्यावी लागली. ज्या क्लबकडे मागे सरकायला जागाच नाही त्यांनी काय करायचं?

तुम्हाला काय वाटतं? इथे वेगवेगळ्या बाजूंनी खेळाशी जोडलेली मंडळी आहेत, सविस्तर लिहा.

जुना_हिकरी

अनघा, धागा फार आवडला. पण ही तक्रार गोल्फइतकीच जुनी आहे आणि इतिहास दर वेळी तक्रारदारांच्या बाजूने उभा राहिलेला नाही.

1848 च्या आधी चेंडू म्हणजे चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसं ठासून शिवलेली 'फेदरी'. कसबी कारागिराच्या हातून दिवसाला तीन-चारच व्हायच्या. भिजली की जड, शिवण उसवली की संपली. त्यामुळे गोल्फ ज्याच्या खिशाला झेपेल त्याचाच. मग गटापर्चाचा, म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेला चेंडू आला, त्यालाच 'गटी' म्हणत. साच्यात दाबून होणारा, स्वस्त, आणि फुटला तर गरम पाण्यात मऊ करून पुन्हा वळता येणारा. सेंट अँड्र्यूजच्या ॲलन रॉबर्टसनचा फेदरीचा धंदा होता, त्याने या चेंडूला कडाडून विरोध केला. त्याच्याच हाताखाली तयार झालेला टॉम मॉरिस गटीने खेळताना दिसला आणि दोघांचं फाटलं. पण त्या स्वस्त चेंडूनेच कामकरी माणूस मैदानावर आला, क्लब वाढले, स्पर्धा सुरू झाल्या. पहिली ओपन 1860 ची, गटी आल्यावर बारा वर्षांनी.

एक बारीकसारीक गोष्ट सांगतो, मला ती फार प्रिय आहे. नवी गुळगुळीत गटी हवेत नीट तरंगायची नाही, झटकन खाली यायची. तीच गटी खेळून खेळून खरचटली, चरे पडले की सरळ आणि लांब जायला लागायची. ते पाहून कारागीर नव्या चेंडूवर हातोडीने मुद्दाम खुणा पाडू लागले. आजच्या डिंपलची सुरुवात तिथे आहे. कोणी प्रयोगशाळेत बसून ठरवलं नव्हतं, खेळणाऱ्यांनी डोळे उघडे ठेवले म्हणून कळलं.

पुढे रबरी धागे गुंडाळलेला हॅस्केल चेंडू आला. 1902 ला हॉयलेकच्या ओपनमध्ये सँडी हर्डने तो वापरला, जिंकला, आणि बघता बघता गटी इतिहासजमा झाली. स्टीलच्या शाफ्टला अमेरिकेने विसाच्या दशकात मान्यता दिली, ब्रिटनमधल्या नियम ठरवणाऱ्या आर अँड एने 1929 ला. प्रत्येक वेळी 'आता खेळाचं कसब संपलं' असं म्हटलं गेलं. कसब संपलं नाही. बाजारानेच हा खेळ मूठभरांच्या हातून सोडवला, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

मृणाल_टी

हिकरी यांच्याशी सहमत. माझी आई साठीनंतर गोल्फ शिकली. तिला चार नंबरच्या आयर्नने चेंडू कधीच उचलता आला नसता. हायब्रिडने, म्हणजे आयर्न आणि लांब पल्ल्याच्या वूड यांच्या मधल्या क्लबने, येतो. त्याचं वजन खाली आणि मागे असतं, त्यामुळे हात मंद असले तरी चेंडू वर चढतो. तिच्यासाठी ही चैन नाही, तिचा खेळच त्यावर उभा आहे. हलक्या ग्राफाइट शाफ्टचंही तेच.

आणि हायब्रिड म्हणजे फक्त नवशिक्यांचं हत्यार असंही नाही. 2009 च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये वाय. ई. यांगने शेवटच्या होलवर हायब्रिडनेच चेंडू झाडावरून ग्रीनवर (खळगा असलेल्या बारीक कापलेल्या गवतावर) ठेवला आणि टायगर वुड्सला हरवलं.

फेअरवे_अनघा

मृणाल, हे मला शंभर टक्के मान्य आहे. क्लब घडवणाऱ्या कार्स्टन सोल्हाइमने वजन तोंडाच्या मधून काढून कडेला नेलं, त्याने चेंडू मध्यापासून थोडा बाजूला लागला तरी क्लब हातात कमी वळतो. या एका कल्पनेने जितक्या लोकांना गोल्फमध्ये धरून ठेवलं, तितकं क्वचितच दुसऱ्या कशाने ठेवलं असेल. माझ्या लेखी ती अस्सल सुधारणा. चुकीची शिक्षा कमी झाली आणि तरी मैदान वाढवावं लागलं नाही.

हिकरी, गटीने चेंडू स्वस्त केला, हा तुमचा मुद्दा कळीचा आहे. पण आजचं चक्र तसं चालतं का? आज नवा माल आला की खेळ स्वस्त होत नाही, कालचा माल जुना ठरतो.

रेंजवरचा_मास्तर

मी शिकवतो, त्यामुळे क्लबपेक्षा स्विंगच्या बाबतीत बोलतो. 'सतत सुधारणा' तिथे जास्त नुकसान करते, असं माझं ठाम मत आहे.

रोजचं दृश्य सांगतो. विद्यार्थी चेंडू मारतो. चेंडू अजून हवेत असतो, पण त्याची नजर केव्हाच लाँच मॉनिटरच्या, म्हणजे फटका मोजणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर गेलेली असते. क्लबचा वेग, चेंडूचा वेग, चढाईचा कोन, स्पिन, तोंड किती उघडं. चेंडू छान जाऊन झेंड्याजवळ पडला, तरी एखादा आकडा मनासारखा नसला की चेहरा पडतो. पुढच्या चेंडूला तो झेंड्याकडे बघतच नाही, आकडा दुरुस्त करायला जातो. मी पडदा फिरवून ठेवतो आणि विचारतो, "हा फटका कसा लागला? हाताला काय जाणवलं?" बऱ्याच जणांना उत्तर देता येत नाही. हात आणि चेंडू यांच्यातलं बोलणंच तुटलेलं असतं.

लाँच मॉनिटर वाईट नाही. आधी आम्ही जे अंदाजाने सांगायचो, त्यातलं बरंच त्याने खोटं ठरवलं. चेंडू सुरुवातीला कुठल्या दिशेने निघतो ते मुख्यतः क्लबच्या तोंडावर ठरतं, स्विंगच्या वाटेवर नाही, हे रडारने सिद्ध केलं आणि शिकवण्याची पुस्तकं बदलली. पण हे यंत्र शिक्षकाच्या हातात उपयोगाचं आणि एकट्या अस्वस्थ माणसाच्या हातात घातक.

मोठ्यांची उदाहरणं बघा. मार्टिन कायमर 2011 मध्ये जगात पहिल्या क्रमांकावर गेला. ऑगस्टावर आपला फेड (उजवीकडे वळणारा फटका) चालत नाही म्हणून ड्रॉ (डावीकडे वळणारा) शिकायला बसला आणि त्याचा खेळ घसरला. 2014 ला त्याने पाइनहर्स्टवर यूएस ओपन आठ फटक्यांनी जिंकली. पॅड्रिग हॅरिंग्टनने 2007-08 मध्ये दोन ओपन आणि एक पीजीए जिंकली, तरी स्विंग बदलत राहिला. पीजीए टूरवर पुढचा विजय मिळायला 2015 उजाडलं. दुसरीकडे जिम फ्युरिक. बघणाऱ्याला वाटावं की क्लब वाट चुकलाय, असा त्याचा स्विंग. तो वडिलांकडून शिकला आणि कोणाचंही ऐकून बदलला नाही. 2016 ला त्याने पीजीए टूरवर 58 ची फेरी खेळली.

टायगरचं नाव कोणी काढेलच. 1997 ची मास्टर्स बारा फटक्यांनी जिंकूनही त्याने स्विंग उलगडला, 1998 ला टूरवर एकच स्पर्धा जिंकली आणि 2000 ला यूएस ओपन पंधरा फटक्यांनी. बरोबर आहे. पण त्याने एक शिक्षक धरला, एक दिशा धरली आणि वाईट वर्ष सोसलं. माझ्याकडे येणारा माणूस सोमवारी एक व्हिडिओ बघतो, गुरुवारी त्याच्या उलट सांगणारा दुसरा बघतो आणि रविवारी दोन्ही एकत्र करून टीवर उभा राहतो. हे ग्राहकाचं वागणं झालं, विद्यार्थ्याचं नाही.

निवांत_नऊ

मास्तर, शेवटचं वाक्य वहीत लिहून ठेवलं.

आकडा_आणि_अंतर

दुसरी बाजू मांडतो, कारण आकड्यांना उगाच दोष दिला जातोय.

आकडे नव्हते तेव्हा सगळे छातीठोकपणे सांगायचे की 'ड्राइव्ह दिखाव्याचा, पैसे पटरचे' (पटर म्हणजे ग्रीनवर चेंडू घरंगळवायचा क्लब). कोलंबिया विद्यापीठाच्या मार्क ब्रॉडी यांनी टूरवरच्या प्रत्येक फटक्याची नोंद तपासली तेव्हा निघालं उलटंच. सर्वोत्तम आणि सरासरी खेळाडूमधला सुमारे दोन-तृतीयांश फरक शंभर यार्डांच्या पलीकडून मारलेल्या फटक्यांतून येतो. पिढ्यानपिढ्या लोक चुकीच्या गोष्टीचा सराव करत होते. हे कळणं म्हणजे खेळाचं भलंच.

खरेदीचं म्हणाल तर ज्याला नियम माहीत आहेत त्याला कोणी फसवू शकत नाही. ड्रायव्हरच्या (सगळ्यात लांब मारायच्या क्लबच्या) डोक्याचं आकारमान 460 घन सेंटिमीटरच्या पुढे नेता येत नाही. तोंडाच्या उसळीलाही मर्यादा आहे. या दोन्ही मर्यादांना कंपन्या वीसएक वर्षांपूर्वीच टेकल्या. म्हणजे तेव्हापासूनचा प्रत्येक 'सगळ्यात लांब' ड्रायव्हर मध्यावर लागला तर जवळपास तितकाच लांब जातो. खरी प्रगती झाली ती बाजूला लागलेल्या फटक्यांत. तिथे आडव्या वळणाला होणाऱ्या विरोधाची मर्यादा 5900 ग्रॅम-वर्ग सेंटिमीटर आहे. 2024 च्या हंगामात काही ड्रायव्हरच्या नावातच '10के' आलं, ते आडव्या आणि उभ्या अशा दोन दिशांची बेरीज करून. बेरीज खरी आहे, पण ग्राहकाला ती एकाच गोष्टीची वाटते. म्हणून वाचा, समजून घ्या, मग घ्या.

लॉफ्टच्या बाबतीतही अनघा यांनी अर्धंच सांगितलं. नव्या आयर्नचं वजन खाली असल्याने चेंडू जास्त उंच निघतो. जुनाच लॉफ्ट ठेवला तर तो नुसता आभाळात जाईल. लॉफ्ट कमी करण्यामागे अभियांत्रिकीचंही कारण आहे.

फेअरवे_अनघा

कारण आहे, पण ते पूर्ण पुरत नाही. उंची सारखी राहिली तरी कमी लॉफ्टने स्पिन कमी होतो आणि चेंडू ग्रीनवर पडून पुढे घरंगळतो. सात नंबर ग्रीनवर थांबवायला असतो, अंतराचा विक्रम करायला नाही. टूरवरचे बहुतेक खेळाडू इतका सरळ सात नंबर वापरत नाहीत, ते 33-34 अंशांच्या आसपासच असतात. ज्याला चेंडू थांबवण्याची सगळ्यात जास्त अडचण, त्यालाच सगळ्यात न थांबणारा क्लब विकला जातोय. याचं मला खरंच वाईट वाटतं.

गवताची_राखण

मी मैदानाची देखभाल करणाऱ्यांपैकी. क्लब आणि चेंडूवर सगळे बोलतात, ग्रीनच्या वेगावर कोणी बोलत नाही. सुधारणेच्या हव्यासाचा सगळ्यात मोठा फटका मला तिथे दिसतो.

स्टिंपमीटर म्हणजे तीन फुटांची ॲल्युमिनियमची पन्हाळी. चेंडू वरच्या खाचेत ठेवायचा, टोक हळूहळू उचलायचं, साधारण वीस अंशांवर चेंडू आपोआप सुटतो. सपाट जागी किती फूट गेला ते मोजायचं, मग उलट्या दिशेने, आणि सरासरी. एडवर्ड स्टिंपसनने 1935 ची यूएस ओपन पाहून ही कल्पना काढली, यूएसजीएने, म्हणजे अमेरिकेतल्या गोल्फ संघटनेने, सत्तरच्या दशकात ती सुधारून मैदानवाल्यांना दिली. हेतू एवढाच, की एका मैदानावरची अठरा ग्रीन एकसारखी असावीत. तेव्हाच्या तक्त्यात रोजच्या खेळासाठी साडेआठ फूट म्हणजे 'वेगवान' आणि साडेसहा म्हणजे 'मध्यम' होतं. आज सदस्य साडेआठला 'गालिचा' म्हणतात. टूरवर बारा-तेरा दिसतात, मग इथेही तेच हवं.

वेग वाढवायला गवत खाली कापावं लागतं, तीन मिलिमीटर किंवा त्याहून खाली. पान जितकं लहान तितकं झाडाला अन्न कमी, मुळं उथळ, उन्हाळ्यात जीव मुठीत. मग थोडं थोडं पाणी सारखं द्या, बुरशीनाशक फवारा, पहाटे रोलर फिरवा. पहाटे ग्रीनवर गुडघे टेकून पात्याच्या टोकाशी पिवळी पडलेली कडा बघितली की मला कळतं, दोन दिवसांत ठिपका येणार. सदस्याला हे दिसत नाही. त्याला फक्त 'काल पेक्षा स्लो' वाटतं.

आणि जुन्या ग्रीनचे उतार साडेसहा-सात फुटांच्या वेगासाठी बांधलेले आहेत. तिथे बारा आणले की निम्म्या ग्रीनवर चेंडू थांबतच नाही. झेंडा ठेवायला तीन-चार सपाट जागा उरतात, त्याच तुडवल्या जातात. शेवटी कोणीतरी म्हणतं, उतार काढून टाका. शंभर वर्षांची ग्रीन सपाट करून टाकतात. 2015 च्या ओपनमध्ये सेंट अँड्र्यूजला वाऱ्याने ग्रीनवरचे थांबलेले चेंडू हलू लागले आणि शनिवारी खेळ दहा तासांहून जास्त थांबला. तो वारा तिथे कायमचा आहे.

नऊ-साडेनऊ फूट ठेवा. गवत जगतं, उतार खेळात राहतात, एका ग्रीनवर तीन-तीन फटके लागत नाहीत म्हणून फेरीही लवकर संपते. माझं एवढंच मागणं आहे.

जुना_हिकरी

राखणदार, तुमचा प्रतिसाद वाचून माझं मत थोडं हललंय. गटी आली तेव्हा मैदानाला काही किंमत मोजावी लागली नव्हती. इथे ती मोजावी लागतेय, हा फरक खरा आहे.

शनिवार_चौकडी

माझा आक्षेप चेंडूच्या नव्या नियमाला आहे. डिसेंबर 2023 मध्ये यूएसजीए आणि आर अँड एने चाचणी कडक केली. चेंडू 317 यार्डांच्या पुढे जाऊ नये ही मर्यादा तीच, पण ती ताशी 120 ऐवजी 125 मैल वेगाने मारून तपासायची. त्या घोषणेनुसार मोठ्या स्पर्धांना 2028 पासून आणि आपल्यासारख्यांना 2030 पासून. मैदानं अपुरी पडतात ती टूरवरच्या मोजक्या लोकांमुळे. आमच्या चौकडीने कुठल्या मैदानाला त्रास दिला? अंतर आमचं का कापायचं?

फेअरवे_अनघा

तुमचं म्हणणं रास्त आहे आणि आधीचा प्रस्ताव तसाच होता. मार्च 2023 मध्ये फक्त अव्वल स्पर्धांसाठी वेगळा चेंडू सुचवला होता. पीजीए टूरनेच नको म्हटलं, सगळ्यांनी एकच चेंडू खेळावा म्हणून. त्यामागे बाजार आहेच. 'मोठे खेळाडू जे खेळतात तेच तुम्ही खेळा' या एका वाक्यावर सगळी विक्री उभी आहे. चेंडू वेगळा झाला की ते वाक्य संपतं. बाकी मंद स्विंगला फरक पाच यार्डांहून कमी पडेल असा नियमकर्त्यांचाच अंदाज आहे. सगळ्यात लांब मारणाऱ्यांना 13-15 यार्ड.

मृणाल_टी

शनिवार_चौकडी, पाच यार्डांची भरपाई पुढची टी घेऊन होते. बार्नी ॲडम्स, स्वतः क्लब बनवणारे, त्यांच्या कल्पनेवरून 2011 मध्ये 'टी इट फॉरवर्ड' मोहीम निघाली होती. आई पुढच्या टीवरून खेळते, दुसऱ्या फटक्याला तिच्याही हातात आयर्न येतं. मागून खेळणाऱ्या कित्येकांच्या हातात तिथे वूड असतो.

मैदान लांब केल्याशिवाय कस लागत नाही हेही खरं नाही. 2013 ची यूएस ओपन मेरियनला झाली, सात हजार यार्डांच्या आतलं मैदान. जस्टिन रोज पारपेक्षा (मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा) एक जास्त करून जिंकला.

निवांत_नऊ

एक व्यावहारिक शंका. माझा आयर्नचा सेट पंधरा वर्षं जुना आहे. इथली चर्चा वाचून आणखी गोंधळलोय. बदलू की नको? हँडिकॅप 19 (म्हणजे पारपेक्षा साधारण तितके फटके जास्त).

रेंजवरचा_मास्तर

निवांत, आयर्न राहू द्या. हेन्रिक स्टेनसनने टूरवर एक जुना तीन-वूड वर्षानुवर्षं सोडला नाही आणि टायगरने पंधरापैकी चौदा मेजर (सगळ्यात मोठ्या स्पर्धा) एकाच पटरने जिंकल्या. ओळखीचा क्लब ही ताकद असते.

आधी ग्रिप बदला. पंधरा वर्षांत त्या टणक आणि गुळगुळीत झाल्या असतील, त्यामुळे नकळत मूठ आवळली जाते आणि मनगटं अडकतात. मग कोणाकडून तरी लॉफ्ट आणि लाय (दांड्याचा जमिनीशी कोन) मोजून घ्या. वर्षानुवर्षं मॅटवर आपटून ते एक-दोन अंश सरकलेले असतात, विशेषतः फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) आयर्न असतील तर. ते वाकवून जागेवर आणता येतात. वेज मात्र बघा. सँड वेजच्या खाचांवरून नख फिरवा. नख अडकत नसेल तर तेवढी एक वेज नवी घ्या, बाकी काही नको. आणि पिचिंग वेजचा लॉफ्ट किती निघाला ते इथे लिहा, मग मधे गॅप वेज लागते का ते सांगतो.

निवांत_नऊ

पिचिंग 47 निघाली, सँड 55. ग्रिप टाकायला दिल्यात.

रेंजवरचा_मास्तर

मधे आठ अंश. पूर्ण स्विंगने दोन्हींत किती यार्डांचा फरक पडतो ते बघा. वीसच्या आत असेल तर गॅप वेज नको. पिचिंग अर्धा इंच खाली धरून तीन-चतुर्थांश स्विंगने मारायचा सराव करा. रविवारी रेंजवर या फटक्याने सुरुवात करा, पडदा बंद ठेवून.